अच्युत कानविंदे : आचरा ते हार्वर्ड



स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीविषयी लिहावे, असा स्नेहमेळावा समितीचा निरोप आला आणि मला वास्तुविशारद अच्युत पुरुषोत्तम कानविंदे आठवले. इंझोरीशी त्यांचा काही संबंध नाही. पण आपल्या शाळेतून बाहेर पडून मी वास्तुकलेकडे वळलो, पुढे तिचेच पदव्युत्तर शिक्षण घेतले. त्या वाटेवर ज्यांच्या कामाने मला सर्वांत जास्त शिकवले, ते हे गृहस्थ.

कानविंदे यांचा जन्म १९१६ साली कोकणातील आचरा या गावी झाला. वडील चित्रकार. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले. १९४२ मध्ये देशात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. तिला प्रयोगशाळा बांधायच्या होत्या आणि त्या कशा बांधायच्या, हे जाणणारे लोक आपल्याकडे फारसे नव्हते. कानविंदे या परिषदेत दाखल झाले आणि १९४५ मध्ये सरकारने त्यांना पुढील शिक्षणासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाठवले.

तेथे वॉल्टर ग्रोपियस शिकवत होते. जर्मनीत १९१९ साली बाउहाउस ही कलाशाळा सुरू करणारे तेच हे ग्रोपियस. इमारतीचे काम काय, ती कशाने बांधायची, हे आधी ठरवा. नक्षी आणि जुन्या शैलीची नक्कल नको, ही त्यांची शिकवण. आमच्या विषयात पदव्युत्तर वर्गात पाठांतराला जागा नसते. एक प्रश्न मिळतो, नकाशे काढायचे, प्रतिकृती करायची आणि प्रत्येक भिंत तिथेच का, हे शिक्षकांसमोर पटवून द्यायचे. कानविंदे मात्र आपला प्रश्न घरूनच घेऊन गेले होते.

१९४७ मध्ये पदवी घेऊन ते परतले आणि परिषदेच्या प्रयोगशाळा उभारू लागले. १९५५ मध्ये शौकत राय यांच्यासह त्यांनी दिल्लीत स्वतःचा व्यवसाय सुरू केला. अहमदाबादच्या ‘अटिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेच्या त्यांच्या सुरुवातीच्या इमारतीत हार्वर्डची शिकवण स्पष्ट दिसते. पण ते तेथेच थांबले नाहीत. कानपूरच्या आयआयटीत त्यांनी विटा आणि उघडे काँक्रीट वापरले, इमारतींमध्ये चौक ठेवले, पायी चालणाऱ्यांच्या वाटा वाहनांपासून वेगळ्या केल्या आणि उन्हापावसात विद्यार्थ्यांना एका विभागातून दुसऱ्यात जाता यावे म्हणून आच्छादित मार्ग जोडले. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत हवा खेळती राहावी म्हणून छतावर उभे केलेले उंच झरोकेच त्या इमारतीची ओळख झाले. परदेशात शिकलेले त्यांनी आपल्या उन्हात तपासून घेतले, मगच वापरले. सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.

हे सारे आज लिहिण्याला कारण आहे. या मेळाव्यात शाळेसाठी नवी खोली बांधून देण्याची चर्चा आहे. आपण शिकत होतो तेव्हा आपले गाव अकोला जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते वाशिममध्ये आले. जिल्हा बदलला, पण उन्हाळा तोच आहे. टिनाखाली एप्रिलमधली दुपार कशी जाते, हे कोणाला सांगायला नको.

म्हणून माझी विनंती एवढीच : पैसे जमण्याआधी नकाशावर बोलू या. पश्चिमेच्या भिंतीला सावली कशी द्यायची, समोरासमोर खिडक्या कुठे ठेवायच्या, गरम हवा वरून कशी काढायची, व्हरांडा किती रुंद हवा, हे आधी ठरवू. नकाशा मी विनामूल्य करून देईन. देणगीदारांच्या नावाची पाटी लावायला भिंत मिळेलच. आधी मुलांना बसवेल अशी खोली होऊ द्या.