व्हीलचेअरवरून रुजवलेले पुनर्वसनशास्त्र

अपघातात मणक्याला जबर मार बसलेल्या रुग्णाचा जीव वाचला, जखमा भरल्या, की उपचार संपले असे घरच्यांना वाटते. खरे प्रश्न तिथूनच सुरू होतात. पलंगावरून खुर्चीत कसे यायचे? लघवीवर ताबा नसेल तर काय करायचे? पोटापाण्याचे काय? या प्रश्नांची उत्तरे देणारे शास्त्र भारतात रुजवणाऱ्यांमध्ये डॉ. मेरी वर्गीस यांचे नाव आघाडीवर आहे. हे प्रश्न त्यांच्या स्वतःच्याही वाट्याला आले होते.

१९२५ मध्ये कोचीत जन्मलेल्या मेरी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉक्टर झाल्या. जानेवारी १९५४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर सहलीला जाताना त्यांची गाडी उलटली. चेहऱ्याला मोठ्या जखमा झाल्या आणि मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. त्या वेळी त्या अवघ्या २८ वर्षांच्या होत्या.

वेल्लोरमध्येच डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करत. शाबूत असलेल्या स्नायूचा कंडरा वळवून तो बोटांना जोडायचा, अशी ही पद्धत. हातावरची शस्त्रक्रिया बसूनही करता येते, हे ओळखून ब्रँड यांनी मेरींना या कामाकडे वळवले. त्या व्हीलचेअरवर बसून शस्त्रक्रिया करू लागल्या.

पण कंडरा जोडला म्हणजे हात चालू लागत नाही. त्या स्नायूला नवे काम शिकवावे लागते आणि त्यासाठी कित्येक आठवडे व्यायाम लागतो. शिवाय बधिर बोटांना चटका बसला तरी कळत नाही, म्हणून रुग्णाला हात जपायलाही शिकवावे लागते. लुळ्या शरीराचेही तसेच असते. एकाच जागी फार वेळ बसले, तर दाबाने जखम होते आणि ती जाणवतही नाही. ठरावीक वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलणे, रोज त्वचा तपासणे या सवयी मुद्दाम लावून घ्याव्या लागतात.

मेरी ऑस्ट्रेलियात पर्थला गेल्या त्या आधी रुग्ण म्हणून, स्वावलंबनाने जगायला शिकण्यासाठी. पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या न्यूयॉर्कमध्ये डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत दाखल झाल्या. रस्क यांनी दुसऱ्या महायुद्धातील जखमी वैमानिकांसोबत काम केले होते. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक यांनी एकत्र बसून एकाच रुग्णाचा विचार करायचा, ही त्यांची शिकवण. हाताशी सर्जनचे कसब असतानाही मेरी पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. पुनर्वसन हा निव्वळ सहानुभूतीचा नव्हे, तर रीतसर शिकण्याचा विषय आहे, हे त्यांना पटले होते.

वेल्लोरला परतल्यावर १९६३ मध्ये त्यांनी पुनर्वसन विभागाची सूत्रे हाती घेतली. १९६६ मध्ये जवळच्या बागायम येथे रुग्णांना ठेवून घेऊन प्रशिक्षण देणारे केंद्र सुरू झाले. देशातील अशा सुरुवातीच्या केंद्रांपैकी ते एक. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. ती संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आज एमबीबीएसनंतर या विषयात तीन वर्षांचे एमडी करता येते. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि समाजकार्याच्या पदवीधरांसाठी दोन वर्षांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून काम करते आहे. तरीही अर्धांगवायूचा किंवा मणक्याच्या दुखापतीचा रुग्ण घरी नेताना अनेक कुटुंबांच्या हाती फक्त औषधांची यादी असते. रुग्णालय सोडण्यापूर्वी पुनर्वसनाचा सल्ला कोण देणार, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. तो विचारण्यात कसलाही संकोच नको. उपचाराचाच तो एक भाग आहे.