तंजावरचे सरफोजीराजे आणि त्यांचा बँड

गणपती जवळ आले, की आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक प्रश्न हमखास निघतो : वर्गणीतले एवढे पैसे ऑर्केस्ट्रावर कशाला? रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं समितीने सांगितलं, तेव्हा मला हाच प्रश्न आठवला. आणि आठवले तंजावरचे सरफोजीराजे भोसले.

तंजावर तिकडे तामिळनाडूत. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तिथे मराठ्यांची गादी स्थापन केली. या भोसल्यांची कुलदेवता म्हणजे आपली तुळजाभवानी. घराण्यातल्या दोन राजांचं तर नावच तुळजाजी होतं. त्यातल्या दुसऱ्या तुळजाजीराजांनी १७८७ साली दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतलं आणि त्याच वर्षी ते वारले. गादीवर बसले अमरसिंग. पोरक्या मुलाच्या पाठीशी उभे राहिले श्वार्ट्‌झ नावाचे जर्मन पाद्री. त्यांनीच त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली. इंग्रजीबरोबर पाश्चात्त्य संगीताचीही गोडी राजांना लागली.

१७९८ मध्ये गादी मिळाली खरी, पण पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने तह करून राज्य काढून घेतलं. हातात उरला किल्ला, भोवतालचा थोडा भाग, सालीना एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. ना फौज, ना मुलूख. असा माणूस एक तर कुढत बसतो, नाहीतर चैनीत पैसा उडवतो. सरफोजींनी तिसरीच वाट धरली.

त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. देवनागरी छापखाना काढून इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. धन्वंतरी महालात औषधांचा अभ्यास चालवला. तिथल्या डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं आजही जपलेली आहेत. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला.

आणि राजवाड्यात बँड उभा केला! विलायतेहून वाद्यं आणि छापील स्वरलिपी मागवल्या, पगारी वादक ठेवले. त्या स्वरलिपीचे कागद सरस्वती महालात अजून आहेत. एका बाजूला हा विलायती बँड, तर दुसऱ्या बाजूला गवई, वीणावादक, नर्तकी आणि त्यांचे गुरू, असे सगळे एकाच दरबाराच्या आश्रयाला होते. राजांनी स्वतः नाचासाठी मराठी पदं रचली. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात तर जगाचा भूगोल गाण्यांतून सांगितला.

या शेजारामुळे काय घडलं पाहा. दक्षिणेत नाचाच्या साथीला क्लॅरिनेट आलं, ते तंजावरकडूनच. दरबारातल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी नाचाच्या कार्यक्रमाला जो क्रम लावला, त्याच क्रमाने आपल्या मुली आज भरतनाट्यम शिकतात. वडिवेलू व्हायोलिनमध्ये तयार झाला. त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्याला हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. आज तिकडे व्हायोलिनच्या साथीशिवाय गाण्याची बैठक क्वचितच होते.

१८३२ मध्ये सरफोजीराजे वारले. मुलगा दुसरा शिवाजी १८५५ मध्ये गेला आणि औरस मुलगा नाही म्हणून कंपनीने उरलंसुरलंही खालसा केलं. पगार थांबले. कलावंत पोटासाठी मद्रासकडे आणि मिळेल त्या गावी पांगले. पण जाताना कला सोबत घेऊन गेले. राज्य संपलं, वाद्यं वाजत राहिली.

माझ्या मते मीटिंगमधल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. कला नुसत्या टाळ्यांवर जगत नाही. वादकाच्या घरची चूल पेटावी लागते, तेव्हा तो रियाज करतो आणि पोराला शिकवतो. आपल्या धाराशिव-तुळजापूरच्या संबळ आणि हलगी वाजवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. आपण त्यांना मिरवणुकीत नाचायला बोलावतो आणि पैसे देताना मात्र घासाघीस करतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात ऑर्केस्ट्रा जरूर ठेवू या, पण त्याआधी अर्धा तास आपल्या जिल्ह्यातल्या संबळवादकांना मंचावर बसवू या. त्यांची बिदागी आधी ठरवू आणि त्याच रात्री हातात देऊ. सरफोजीराजांपाशी राज्य नव्हतं, तरी त्यांनी एवढं केलं. आपल्यापाशी निदान वर्गणी तरी आहे.