रमाईचा संसार, रमाईचा हिशेब

७ फेब्रुवारी आली की भंडारा जिल्ह्यातल्या गावागावांत रमाई जयंती होते. विहारासमोर मांडव पडतो आणि रात्री उशिरापर्यंत भीमगीतं चालतात. ‘रमाई आवास’मध्ये घरकुल मिळालेलं एखादं घरही आपल्या ओळखीचं असतंच. म्हणजे हे नाव आपल्या रोजच्या बोलण्यातलं. पण या नावाच्या बाईने स्वतःचं घर कसं चालवलं, याकडे आपण फारसं पाहत नाही.

आणि सध्या नेमकं तेच पाहण्यासारखं आहे. धान विकून झाला तरी चुकारा कधी जमा होईल याचा भरवसा नाही. नागपूरला रूम करून राहणाऱ्यांना खोलीभाडं आणि मेसचे पैसे यांचा मेळ बसवता बसवता महिन्याची वीस तारीख जड जाते. नोकरी लागली तरी ती कंत्राटी. अशा वेळी ‘साधं राहा’ असा सल्ला सगळेच देतात. साधं राहायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. रमाईंच्या आयुष्यात त्याचं उत्तर सापडतं. शिवाय त्या सल्ल्याची दुसरी, कडू बाजूही दिसते.

दाभोळहून भायखळ्याला

रमाबाईंचा जन्म १८९८ चा, दापोलीजवळच्या वणंद गावातला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचे. दिवसभराची हमाली आणि त्यावर चूल. आई लवकर गेली, पाठोपाठ वडीलही गेले. मग ही भावंडं नातेवाइकांसोबत मुंबईला, भायखळ्याला आली. घर सांभाळणं रमाबाई शिकल्या त्या अशा वयात, ज्या वयात आपल्याला आई डबा भरून द्यायची.

१९०६ च्या सुमारास सुभेदार रामजी आंबेडकरांच्या भीमराव या मुलाशी त्यांचं लग्न झालं. नवरी नऊ वर्षांची आसपास, नवरा शाळेत शिकणारा. लग्न लागलं भायखळ्याच्या बाजारात. दिवसाचा बाजार उठल्यावर रात्री त्याच छपराखाली एका कोपऱ्यात वऱ्हाडी बसले, दुसऱ्या कोपऱ्यात नवरीकडचे. दगडी ओटे हीच बैठक. पहाटे बाजार भरायच्या आत सगळं आटोपलं. हॉलचं भाडं नाही, मंडपाचा खर्च नाही. आज लग्नासाठी शेत गहाण टाकणारी घरं आपण पाहतो, तेव्हा हे लग्न आठवायला हरकत नाही.

पगार वाढला, खोली तीच

१९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार रामजी गेले आणि त्याच वर्षी भीमराव बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला, कोलंबिया विद्यापीठात गेले. घरी रमाबाई आणि कडेवर काही महिन्यांचा यशवंत. ते परतले १९१७ मध्ये. १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, ते १९२३ मध्येच आले. दोन्ही मिळून जवळजवळ सात वर्षं घराचा गाडा रमाबाईंनी ओढला.

या दोन प्रवासांच्या मधली गोष्ट नीट लक्षात घ्या. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. त्या काळात ही मोठी रक्कम. पण कुटुंब राहिलं परळच्या बीआयटी चाळीतच, गिरणी कामगारांच्या शेजारात, दोन छोट्या खोल्यांत. घरखर्चाला ठरावीक रक्कम आणि उरलेला पैसा लंडनच्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी. शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये यांच्या जोडीला ही बचत होती.

आपलं उलट होतं. पहिला पगार आला की आधी फोन बदलतो, मग गाडीचा हप्ता सुरू होतो. कमाई वाढली की खर्च तिच्या पुढे धावतो. रमाईंच्या घरात पगार वाढला, खर्च मात्र जागच्या जागी राहिला. हे आपोआप होत नसतं. कोणीतरी रोज तांदूळ मोजून घ्यावा लागतो, जळण वाचवावं लागतं, फाटलेलं शिवावं लागतं. त्या घरात हे सगळं रमाबाई करत होत्या.

तिकडे पापड, इकडे गोवऱ्या

लंडनमध्ये बाबासाहेबांचीही तीच गत होती. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, मग संध्याकाळपर्यंत ग्रंथालय. रात्री उशिरा भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचं. मुलग्यांनी हे वाचून ठेवावं. पापड भाजणं ही छोटी गोष्ट वाटते, पण परक्या गावात स्वतःचं पोट स्वतः भागवता येणं हाही शिक्षणाचाच भाग असतो.

इकडे परळमध्ये जळण विकत घ्यायला पैसे पुरत नव्हते. रमाई लांबून शेण डोक्यावर आणत, गोवऱ्या थापत आणि त्यावर चूल पेटवत, असं त्यांच्या चरित्रांत आणि गीतांतही येतं. बॅरिस्टर होणाऱ्या माणसाची बायको म्हणून त्यांना त्याची लाज वाटली नाही. नवऱ्याच्या आग्रहाने त्या थोडं लिहा-वाचायलाही शिकल्या.

बाबासाहेब परत आले, वकिली सुरू झाली, तरी पैसा लगेच आला नाही. १९२५ ते १९२८ या काळात ते एका अकाउंटन्सी संस्थेत अर्धवेळ शिकवायला जात. जोडीला सार्वजनिक काम होतंच. घरी पाहुणे आणि कार्यकर्ते यांची ये-जा असायची. महिन्याला नक्की किती येणार हे ठाऊक नसताना ताट किती मांडायची हे रोज ठरवायचं, ही कसरत रमाईंची.

धारवाडच्या वसतिगृहाची गोष्ट तुम्ही भाषणांत ऐकली असेल. रमाई काही दिवस तिथे राहायला गेल्या होत्या. मुलांचं धान्य संपलं, तेव्हा त्यांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या, असं सांगतात. स्वतःसाठी काटकसर करणारी ही बाई दुसऱ्यांच्या पोरांसाठी हात आखडत नव्हती. काटकसर आणि कंजूषपणा यांतला फरक हाच.

या हिशेबाची किंमत

आता कडू बाजू. रमाबाईंना पाच मुलं झाली. जगला एकटा यशवंत. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटी १९२६ मध्ये राजरत्न, अशी चार लेकरं गेली. रमाईंची तब्येत त्यानंतर ढासळत गेली. दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभं राहिलं, ते पुस्तकांसाठी आणि स्वतःच्या हक्काच्या निवाऱ्यासाठी. पण त्या घरात रमाईंना फार दिवस मिळाले नाहीत. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. वय होतं ३७.

म्हणून त्यांच्या गरिबीची आरती ओवाळू नये. त्यांनी हौसेने साधी राहणी निवडली नव्हती, ती त्यांच्यावर आली होती. चाळीतली दाटी, औषधपाण्याची टंचाई आणि जातीची वागणूक यांनी त्या घराचं काय केलं, हे चार लेकरांच्या मृत्यूंत दिसतं. आज कोणी आपल्याला ‘रमाईने कसं भागवलं, तुम्हीही भागवा’ म्हणत असेल, तर चुकारा वेळेवर मागायचा, शिष्यवृत्ती वेळेवर मागायची. काटकसर आपली जबाबदारी आहे. पण ती दुसऱ्या कोणाच्या दिरंगाईची सोय होऊ नये.

आपण काय घ्यायचं?

घ्यायचं ते कौशल्य. गावाकडून आणलेला तांदूळ महिनाभर पुरवता येणं, वरण-भात आणि एक भाजी स्वतः करता येणं, बटण लावता येणं, रोजचा खर्च वहीत लिहिणं. रूमवर चौघं असाल तर पाळी लावा आणि त्यात मुलगा-मुलगी हा भेद नको. दुसरं म्हणजे, वाचवलेला पैसा कशासाठी हे आधी ठरवा. परळच्या त्या दोन खोल्यांत बचतीला नाव होतं: लंडनचं शिक्षण. नाव नसलेली बचत टिकत नाही, पहिल्याच सेलमध्ये जाते.

बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचं आपलं गाजलेलं पुस्तक रमाईंना अर्पण केलं. त्या अर्पणपत्रिकेत त्यांनी पैशाची चणचण होती आणि मित्र नव्हते त्या दिवसांची आठवण काढली, आणि ते दिवस सोबत सोसल्याबद्दल रमाईंचे ऋण मानले. १९५४ मध्ये ते आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले, तेव्हा रमाई जाऊन १९ वर्षं झाली होती. प्रचाराला आलेल्या त्या माणसाच्या पदव्यांची यादी लोकांना तोंडपाठ होती. त्या पदव्यांच्या खर्चात परळच्या चुलीचा वाटा किती होता, ते मात्र कुठल्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं नव्हतं.