ओर्लांदो लेतेलिएर

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यास चिंचोळ्या पट्टीप्रमाणें पसरलेल्या चिली देशाची मुख्य संपत्ति तांबें. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील मोठमोठ्या खाणी अमेरिकन कंपन्यांच्या हातीं होत्या आणि कित्येक विचारी चिलियनांस ही गोष्ट शल्यासारखी बोंचत असे. ओर्लांदो लेतेलिएर हे त्यांपैकींच एक होत.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १९३२ रोजीं तेमूको येथें झाला. सैनिकी शाळेंत कांहीं वर्षें काढून पुढें त्यांनीं कायद्याचा अभ्यास केला. परंतु मन रमलें तें अर्थशास्त्रांत. १९५५ सालीं ते सरकारच्या ताम्र-खात्यांत लागले. १९५८ च्या निवडणुकींत त्यांनीं साल्वादोर आयेंदे यांचा पक्ष घेतला. आयेंदे हरले आणि लेतेलिएर नोकरीस मुकले! तेव्हां ते व्हेनेझुएलांत गेले व तेथून वॉशिंग्टनच्या आंतर-अमेरिकन विकास बँकेंत. तेथेंच ते सुखानें राहते, तर त्यांस कोणीं दोष दिला नसता.

१९७० सालीं आयेंदे अध्यक्ष झाले व पुढील वर्षीं त्यांनीं लेतेलिएरांस अमेरिकेंत राजदूत नेमिलें. त्याच वर्षीं चिलीच्या कायदेमंडळानें एकमतानें तांब्याच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या केल्या. कंपन्यांनीं पूर्वीं उकळलेला अवाजवी नफा भरपाईंतून वजा करावा, असा आयेंदे सरकारचा हिशेब. तो अमेरिकन सरकारास पटवून देण्याचें बिकट काम या तरुण राजदूताच्या वाट्यास आलें. आंकडे त्यांस मुखोद्गत होते. पण हा तंटा आंकड्यांनीं मिटण्याजोगा नव्हता.

१९७३ सालीं ते मायदेशीं परतून मंत्री झाले. ऑगस्टअखेर संरक्षणखातें त्यांच्याकडे आलें. नवे सेनापति पिनोशे नांवाला त्यांच्या हाताखालचे. दोन आठवड्यांतच, ११ सप्टेंबरला, सैन्यानें बंड केलें. सकाळीं कचेरींत गेलेले लेतेलिएर तेथेंच पकडले गेले. ज्या सैनिकी शाळेंत ते शिकले, तींतच त्यांस कांहीं काळ कोंडण्यांत आलें! पुढें मॅगेलन सामुद्रधुनींतील डॉसन बेटावरची बोचरी थंडी त्यांनीं महिनोन्‌महिने सोसली. १९७४ च्या सप्टेंबरांत व्हेनेझुएलाच्या मध्यस्थीनें सुटका झाली.

वॉशिंग्टनला परत आल्यावर त्यांच्या लेखणीस विशेष धार चढली. लष्करी सत्तेचें आर्थिक धोरण व तिचे तुरुंग या निरनिराळ्या गोष्टी नसून, गोरगरिबांचें पोट मारणारें तें धोरण दडपशाहीवांचून चालणारच नाहीं, असें त्यांनीं ऑगस्ट १९७६ मधील एका लेखांत दाखवून दिलें. आमच्या मतें हेंच त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोलाचें लिखाण होय. पुढील महिन्यांत चिली सरकारनें त्यांचें नागरिकत्व हिरावून घेतलें. २१ सप्टेंबरच्या सकाळीं कचेरीकडे जातांना त्यांच्या मोटारीखालीं बाँबचा स्फोट झाला. ते व रॉनी मॉफिट नांवाची त्यांची पंचवीस वर्षांची सहकारी यांत बळी पडलीं. लेतेलिएर अवघे ४४ वर्षांचे होते. मागें पत्नी व चार मुलगे राहिले.

मायभूमि बंद झाल्यामुळें त्यांचा देह व्हेनेझुएलांत कराकास येथें पुरावा लागला. चिलींत लोकसत्ता परतल्यावर १९९२ सालीं त्यांच्या अस्थि सांतियागोच्या स्मशानभूमींत आणण्यांत आल्या. खुनाचा कट रचणारा गुप्तपोलिसांचा प्रमुख मान्वेल कोन्त्रेरास १९९५ सालीं तुरुंगांत गेला.