परमुलखातील रयतेचा वाली : रॉजर केसमेंट

आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांतील मुलेमुली आज नोकरी, व्यापार अथवा विद्याभ्यास यांनिमित्त परदेशी राहतात. मूल विमानात बसले की आईवडिलांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की तेथे काही अडचण उद्भवली तर त्याच्या पाठीशी कोण? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आपल्या देशाची वकिलात. पासपोर्ट हरवला, मालकाने पगार अडवून धरला, पोलिसांनी अटक केली, किंवा दुर्दैवाने परक्या भूमीवर मृत्यू ओढवला, तर मदत मागण्याचे हक्काचे ठिकाण तेच होय. परंतु इमारत आणि तिच्यावरील निशाण एवढ्याने वकिलात होत नाही. आत बसलेला माणूस गाऱ्हाणे कसे ऐकतो यावर सारे अवलंबून असते. ही गोष्ट ज्यांच्या चरित्रातून लख्खपणे दिसून येते, त्या रॉजर केसमेंट यांची ओळख वाचकांस करून देण्याचे योजिले आहे.

केसमेंट यांचा जन्म 1 सप्टेंबर 1864 रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहराजवळ झाला. वडील प्रॉटेस्टंट, आई कॅथलिक. वयाची तेरा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास मातापित्यांचे छत्र नाहीसे झाले आणि नातलगांच्या आधाराने त्यांचे शालेय शिक्षण कसेबसे पार पडले. महाविद्यालयाची पायरी त्यांनी कधी चढली नाही. लिव्हरपूल येथील एका जहाज कंपनीत कारकुनी करून, विशीच्या आतबाहेर असतानाच ते आफ्रिकेत कांगो नदीच्या प्रदेशात गेले. पुढे 1895 मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना लोरेंसो मार्केस या पोर्तुगीज अमलाखालील बंदरात कॉन्सल म्हणजे वाणिज्य वकील नेमले.

कॉन्सलचे काम तसे रुक्षच. आपल्या देशाची जहाजे व व्यापार यांची नोंद ठेवावी, दस्तऐवजांवर सहीशिक्का करावा, निराधार खलाशास मायदेशी परत पाठवावे, तुरुंगात पडलेल्या आपल्या प्रजाजनाची विचारपूस करावी, असा त्याचा दिनक्रम असतो. अनेकांनी हे काम खुर्चीत बसून केले. केसमेंट यांनी ते चालत जाऊन, होडीत बसून, माणसांच्या तोंडून ऐकून केले.

त्या काळी कांगो हा बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याचा खाजगी मुलूख होता. तेथे रबर गोळा करण्यासाठी रहिवाशांवर भयंकर जुलूम होत असे. 1903 साली केसमेंट यांनी नदीने वर जाऊन गावोगावची हकिकत टिपली. त्यांचा अहवाल 1904 च्या आरंभी प्रसिद्ध होताच युरोपात खळबळ उडाली. राजाला चौकशी मंडळ नेमावे लागले आणि 1908 मध्ये तो मुलूख त्याच्या हातून जाऊन बेल्जियम सरकारकडे आला.

परंतु परदेशस्थ प्रजाजनाच्या रक्षणाचे खरे उदाहरण पुढेच आहे. दक्षिण अमेरिकेत पेरू व कोलंबिया यांच्या सीमेवर पुटुमायो नावाची नदी वाहते. तिच्या काठच्या अरण्यात हुलिओ सेसार आराना या व्यापाऱ्याच्या कंपनीचा रबराचा धंदा चाले. ही कंपनी 1907 मध्ये लंडन येथे नोंदली गेली होती. तेथील हुइतोतो, बोरा आदी आदिवासींना कंपनीचे लोक पकडून आणीत, रबर गोळा करावयास लावीत, आणि वजन काट्यावर कमी भरले की चाबकाने फोडून काढीत. 1909 मध्ये एका अमेरिकन इंजिनियराचा वृत्तांत लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आला तेव्हा जगाला याची वार्ता लागली.

आता प्रश्न असा पडला, की इंग्लंडने तेथे जावे कोणत्या अधिकाराने? मुलूख परका, आदिवासी परक्या राज्यातले. एका राष्ट्राचा वकील दुसऱ्या राष्ट्राच्या प्रजेची चौकशी करू शकत नाही. परंतु कंपनीने 1904-05 च्या सुमारास वेस्ट इंडिजमधील बार्बेडोस बेटावरून सुमारे 200 कृष्णवर्णीय मजूर करारावर आणले होते. बार्बेडोस ही ब्रिटिश वसाहत, म्हणून हे मजूर ब्रिटिश प्रजाजन ठरत. त्यांची स्थिती काय आहे हे पाहण्याचा हक्क ब्रिटिश सरकारला होता. तेवढ्या लहानशा फटीतून परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांनी 1910 साली केसमेंट यांना आत पाठविले. त्या वेळी ते ब्राझीलमध्ये रिओ येथे कॉन्सल जनरल होते.

पेरूच्या इक्विटोस शहरात ब्रिटिश कॉन्सल अगोदरपासून होता, पण तो पेशाने व्यापारी. मजुरांची काही गाऱ्हाणी त्याच्या कानी गेली, परंतु अरण्यापर्यंत जाऊन शहानिशा कोणी केली नव्हती. केसमेंट ऑगस्टअखेर इक्विटोस येथे पोहोचले आणि तेथून आठवडाभराचा नदीप्रवास करून 22 सप्टेंबर 1910 रोजी ला चोरेरा या ठाण्यावर उतरले. जवळजवळ दोन महिने ते ठाण्याठाण्यांवर हिंडले. त्यांनी एकेका बार्बेडियन मजुरास समोर बोलावले, शांतपणे प्रश्न विचारले आणि उत्तरे लिहून घेतली. अशा 30 जणांच्या जबान्या झाल्या.

या मजुरांची अवस्था विचित्र होती. मजुरीचे काम म्हणून त्यांना आणले आणि हातात बंदूक दिली. आदिवासींना पकडून आणणे व फटके मारणे हेच त्यांचे काम ठरले. नकार देणाऱ्यास खोड्यात अडकवीत, मारहाण करीत. शिवाय कंपनीच्या दुकानातून अवाच्या सवा भावाने अन्नवस्त्र घ्यावे लागे, त्यामुळे प्रत्येकाच्या नावे कर्ज साचले होते आणि कर्ज फिटेपर्यंत सुटका नव्हती. म्हणजे हे लोक एकाच वेळी जुलमाचे बळी होते आणि जुलमाचे हत्यारही होते. स्वतःच्या हातून घडलेली क्रूर कृत्ये कबूल करणे त्यांना सोपे नव्हते. सरकारी साहेबाकडे कोणता गरीब माणूस विश्वासाने पाहतो? केसमेंट यांनी त्यांना निक्षून सांगितले, की खरे बोला, तुमच्या रक्षणाची जबाबदारी माझी. हे वचन त्यांनी पाळले. दुकानातील फुगविलेल्या हिशेबांत कंपनीला सूट द्यावयास लावली. परत येताना त्या मजुरांना कुटुंबांसह बरोबर घेतले आणि इक्विटोस येथे त्यांना पकडून त्रास देतील ही भीती ओळखून आधीच ब्राझीलच्या हद्दीत उतरविले. आपल्या प्रजाजनास सुखरूप बाहेर काढणे, हे कॉन्सलचे काम त्यांनी प्रथम पुरे केले.

मग त्या 30 जबान्यांनी दुसरे मोठे काम केले. ज्या आदिवासींची बाजू मांडणारा वकील जगात कोठेही नव्हता, त्यांची कहाणी या मजुरांच्या मुखातून बाहेर आली. पेरू सरकारला न्यायाधीश धाडून चौकशी करावी लागली आणि दोनशेहून अधिक वॉरंटे निघाली. केसमेंट यांना 1911 मध्ये सर हा किताब मिळाला. त्यांचा अहवाल 1912 च्या जुलैमध्ये प्रसिद्ध झाला, ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने कंपनीची झाडाझडती घेतली आणि कंपनी मोडीत निघाली. तथापि खरे ते सांगितले पाहिजे. मुख्य गुन्हेगारांपैकी बहुतेक पळून गेले, आणि खुद्द आराना याला शिक्षा न होता तो पुढे पेरूचा सिनेटर झाला. वकील सत्य उजेडात आणू शकतो, परक्या देशात न्यायदंड चालविणे त्याच्या हाती नसते.

दुसऱ्यांच्या गुलामगिरीची कागदपत्रे लिहिता लिहिता केसमेंट यांना स्वतःच्या मातृभूमीची गुलामगिरी डाचू लागली. 1913 साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि आयरिश स्वातंत्र्याच्या कार्यात उडी घेतली. महायुद्धात जर्मनीकडे मदत मागण्यास ते गेले. एप्रिल 1916 मध्ये पाणबुडीतून आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरताच ते पकडले गेले. राजद्रोहाचा खटला चालून किताब काढून घेण्यात आला. सर आर्थर कॉनन डॉइल यांच्यासारख्यांनी दयेची याचना केली, परंतु सरकारने त्यांच्या खाजगी डायरीतील पाने फिरवून लोकमत कलुषित केले. 3 ऑगस्ट 1916 रोजी लंडनच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. ज्याने परक्या अरण्यात गरिबांची बाजू मांडली, त्याच्या स्वतःच्या वेळी बाजू मांडणारी आयर्लंडची वकिलात अस्तित्वातच नव्हती! 1965 साली त्यांच्या अस्थी स्वतंत्र आयर्लंडमध्ये नेण्यात आल्या आणि राष्ट्रीय सन्मानाने डब्लिन येथे त्यांचे दफन झाले.

आपणां भारतीयांस ही व्यथा परकी नाही. 1873 पासून डचांच्या सुरीनाममध्ये गेलेल्या आपल्या गिरमिट्या मजुरांना दाद मागावयाची तर ती ब्रिटिश कॉन्सलकडेच मागावी लागे. स्वतःचे राष्ट्र, स्वतःची वकिलात ही मिळकत आपल्याला 1947 नंतर लाभली. 1963 च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय कराराने तर अटक झालेल्या परदेशस्थ माणसास आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क शब्दबद्ध केला आहे. म्हणून परदेशी निघालेल्या प्रत्येक मुलामुलीने आपल्या वकिलातीचा पत्ता व दूरध्वनी जवळ ठेवावा, करार वाचूनच सही करावी, आणि संकटात लाज न धरता तेथे जाऊन सांगावे. पुटुमायोच्या मजुरांपाशी एवढेही नव्हते.

आणि आपल्या ज्ञातीतील एखादा हुशार विद्यार्थी परराष्ट्र सेवेत गेला, तर त्याने केसमेंट यांचे स्मरण ठेवावे. टेबलापुढे उभा असलेला माणूस मळक्या कपड्यांतला असेल, अडखळत बोलेल, कदाचित त्याच्या हातूनही काही चुकले असेल. त्याला आधी बसावयास सांगावे आणि त्याचे म्हणणे अखेरपर्यंत ऐकून घ्यावे.