प्रकाशाचे उपासक : नील्स फिन्सेन

नील्स फिन्सेन यांचा जन्म १८६० साली फेरो बेटांवर झाला. ऐन तारुण्यात त्यांना असाध्य व्याधीने ग्रासले. उत्तराभिमुख घरात राहताना फार थकवा जाणवे; त्यामुळे सूर्यप्रकाश आरोग्याला उपकारक असावा, असे त्यांना वाटू लागले व ते प्रकाशाच्या अभ्यासाकडे वळले. प्रकाशाने जिवाणूंची वाढ खुंटते, हे त्या काळी ज्ञात झाले होते. फिन्सेन यांनी कार्बन दिव्याचे किरण भिंगांनी एकवटले, पाण्याच्या योगे त्यांतील उष्णता कमी केली आणि त्वचेच्या क्षयावर उपचार केले. या रोगाने चेहरा विद्रूप झालेले शेकडो रुग्ण बरे झाले. १८९६ मध्ये कोपनहेगन येथे त्यांची संस्था स्थापन झाली. १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या रकमेतून त्यांनी संस्थेस देणगी दिली. १९०४ मध्ये, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्वतःची व्याधी न हटताही त्यांनी इतरांचे जीवन उजळले.