मामाच्या घरी वाढलेला पक्षितज्ज्ञ

पावसाळ्यात येलदरी धरणाच्या बाजूला गेले की पाण्यावर झुकलेल्या बाभळींना सुगरणीचे खोपे लोंबताना दिसतात. वाऱ्यापावसात एखादा खोपा खाली येतो. मग पोरे त्यातले पिल्लू उचलून घरी आणतात आणि दुधात पोळी कुस्करून त्याला भरवू लागतात. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण पिल्लू कोणाच्या हातून वाढते यावर पुढे ते कोणाला आपले मानणार आणि जोडीदार म्हणून कोणाकडे जाणार, हे पक्ष्यांच्या अनेक जातींत ठरत असते. हे समजून घ्यायचे तर सुगरणीचा संसार आपल्यापुढे उलगडणाऱ्या माणसापासून सुरुवात करावी लागेल. ते म्हणजे डॉ. सलीम अली.

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत खेतवाडीत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे होईपर्यंत आईही गेली. या पोरक्या मुलांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी पोटच्या लेकरांसारखे वाढवले. मामांना शिकारीचा नाद होता. त्यामुळे भाच्याच्या हातीही लहानपणीच छऱ्यांची बंदूक आली आणि चिमण्या टिपणे हा त्याचा खेळ झाला.

दहा-बारा वर्षांच्या वयात सलीमने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही नेहमीची चिमणी नाही, मग ती खाल्लेली चालेल का, अशी शंका घेऊन तो मामांकडे गेला. मामांना उत्तर ठाऊक नव्हते. त्यांनी मुलाला गप्प बसवले नाही की काहीतरी सांगून वेळही मारून नेली नाही. एक चिठ्ठी लिहून त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्डनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कपाटच त्या मुलापुढे उघडले. तिथून सलीमची वाट बदलली.

मुलांच्या वाढीविषयी आम्ही डॉक्टर पालकांना जे सांगतो, ते इथे नेमके दिसते. जन्मदाते आई-वडील असोत किंवा नसोत, मुलाला कायम सोबत राहणारे, जीव लावणारे आणि त्याचे प्रश्न मनावर घेणारे मोठे माणूस हवे असते.

पुढची वाट मात्र सरळ नव्हती. शिक्षणात त्यांचे मन रमले नाही. घरच्यांच्या खाणीच्या आणि लाकडाच्या व्यवसायासाठी ते बर्मात गेले, पण लक्ष तिथल्या जंगलातल्या पाखरांकडेच राहिले. परत आल्यावर सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लाटर यांच्या प्रोत्साहनाने ते प्राणिशास्त्र शिकले. 1918 मध्ये तहमीना यांच्याशी लग्न झाले. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नोकरी लागली. तिथून रजा घेऊन ते बर्लिनला प्राध्यापक स्ट्रेसमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकले. 1930 मध्ये परतले तेव्हा पैशाअभावी त्यांचे पदच रद्द झाले होते.

नोकरी गेलेला हा माणूस पत्नीसह अलिबागजवळ किहीमला तिच्या कुटुंबाच्या लहानशा घरात राहायला गेला. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर ते आडोशात तासन् तास बसून खोप्यांवर नजर ठेवू लागले. कोणता नर कोणता खोपा विणतो, कोणती मादी कधी येते, याची नोंद ते रोज ठेवत.

आपल्या भाषेने या पक्ष्याला सुगरण म्हटले आणि खोप्याचे श्रेय मादीला दिले. विणकर असतो तो नर. तो खोपा अर्धवट विणतो आणि त्याला लटकून, पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरून पाहते, पसंत पडले तर राहते. मग नर खोप्याची नळी पुरी करतो. मादी अंडी उबवायला बसली की तो शेजारी दुसरा खोपा सुरू करतो आणि दुसरी मादी मिळवतो. एका हंगामात एकामागून एक संसार मांडण्याची ही रीत सलीम अलींनी बारकाईने नोंदवली. त्यावरच्या निबंधाने जाणकारांत त्यांचे नाव झाले.

म्हणजे इथे निवड मादीच्या हाती आणि परीक्षा खोप्याची. खोप्याची जागाही मादी पाहते, असे पुढच्या अभ्यासांत दिसले. मग नराला हे विणकाम येते कुठून? अमेरिकेतील कोलियास दांपत्याने सुगरणीच्या आफ्रिकेतल्या एका भाऊबंदावर प्रयोग केले. ज्या नरांना लहानपणी विणायला गवत-पातेच मिळू दिले नाही, त्यांना पुढे साधी पट्टीसुद्धा धड फाडता आणि विणता येईना. विणण्याची ओढ उपजत असते, पण हात बसतो तो लहानपणीच्या सरावाने. ज्याला विणता येत नाही, त्याच्या दारी मादी कशाला येईल?

निवडणाऱ्याची आवडही लहानपणीच घडते. ऑस्ट्रियाचे कॉन्राड लोरेंझ हे शिक्षणाने डॉक्टर. अंड्यातून बाहेर आल्या आल्या त्यांना पाहिलेली हंसाची पिल्ले आई समजून त्यांच्याच मागे चालत. त्यांनी हाताने वाढवलेला कावळ्याच्या कुळातला एक पक्षी मोठेपणी त्यांच्याशीच जोडी जमवू पाहत होता आणि त्यांच्या कानात अळ्या भरवायला येत होता. या कामासाठी 1973 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळालेल्यांत लोरेंझ होते. कोवळ्या वयातल्या ठरावीक काळात मनावर उमटणाऱ्या या ठशामुळे मोठेपणी जोडीदार कसा दिसावा हेही ठरते.

हे पिंजऱ्यातच घडते असे नाही. नॉर्वेच्या रानात शास्त्रज्ञांनी टिट नावाच्या लहान पक्ष्यांच्या दोन जातींच्या घरट्यांतील अंडी आपसांत बदलली. लहान जातीच्या घरी वाढलेल्या मोठ्या टिटपैकी बहुतेकांना पुढे जोडीदार मिळाला नाही. मोठ्यांकडे वाढलेल्या लहान टिटना मात्र आपल्या जातीचा जोडीदार मिळाला. म्हणजे संगोपनाचा ठसा सगळीकडे सारखा खोल नसतो. आपला कोकीळ तर कावळ्याच्या घरट्यात वाढतो, तरी वयात आल्यावर कोकिळेलाच साद घालतो. परक्या घरी वाढणे हीच त्याची रीत असल्याने आपली जात ओळखण्याची खूण तो जन्मतःच घेऊन येतो.

सलीम अलींनी पुढचे अर्धे शतक पाखरांमागे घालवले. 1939 मध्ये तहमीना गेल्या. एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर हे घडले आणि त्या आघातातून सावरायला त्यांना फार वेळ लागला. बहीण आणि मेहुण्याने त्यांना आपल्या घरी नेले. आयुष्यात दुसऱ्यांदा आप्तांनीच त्यांना सांभाळले. 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले आणि सामान्य माणूस पाखरे नावाने ओळखू लागला. डिलन रिप्ली यांच्यासोबतचा दहा खंडांचा ग्रंथ 1974 मध्ये पूर्ण झाला. 1976 मध्ये पद्मविभूषण मिळाले. प्रोस्टेटच्या कर्करोगाशी झुंजत 1987 च्या जून महिन्यात वयाच्या नव्वदीत त्यांनी मुंबईत देह ठेवला.

तेव्हा येलदरीच्या पोरांना एवढेच सांगा. पडलेले पिल्लू हळूच उचलून जमेल तर घरट्यात किंवा जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लाला टाकते, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. हात साबणाने धुवा. दूध पाजू नका, पाखरांना ते पचत नाही. पिल्लू जखमी असेल तर वनविभागाला कळवा. रानपाखरू घरी पाळणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शिवाय आपल्या घरी जगलेले पिल्लू रानात परतले, तरी आपल्या जातीत रुळेलच असे नाही. आणि पाखराविषयी पोराने एखादा प्रश्न विचारला, उत्तर आपल्याला ठाऊक नसले, तर त्या मामांनी लिहिलेली चिठ्ठी आठवा.